वरळीचा बेडूक, बोरीबंदर आणि आजीचा शाळिग्राम: कोकणातले जीवाश्म व जुनी रेल्वे स्थानके – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीकडचा. सुट्टीच्या दिवसांत शाळेतली मुलं आणि हौशी मंडळी बरोबर घेऊन कधी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, तर कधी मुंबईतल्या जुन्या स्थानकांवर फिरतो. दगड आणि आगगाडी हे दोन विषय एकाच फेरीत कशाला, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. तिथून पुढे निघालेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

कोकणात डायनोसॉरची हाडं सापडतात का?

नाही. मुलांचा हा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर ऐकून त्यांचे चेहरे उतरतात, म्हणून कारणही लगेच सांगतो. कोकणाचा बहुतेक भाग लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे आणि सह्याद्रीत त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. जीवाश्म तयार व्हायला गाळ लागतो: मेलेला जीव चिखलात पुरला जावा, वर आणखी चिखल बसावा, हवा लागू नये. उकळत्या दगडात हाडाचा मागमूस राहत नाही. महाराष्ट्रात डायनोसॉर सापडले ते चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, लाव्ह्याखालच्या गाळाच्या थरांत.

मालवण-वेंगुर्ल्याकडे लाव्ह्याच्या खालचे खडक उघडे पडलेले दिसतात, पण ते शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. तेव्हा हाडं असलेला प्राणीच जन्माला आलेला नव्हता.

म्हणजे कोकणात जीवाश्म नाहीतच?

आहेत, आणि ते मुंबईत आहेत. लाव्हा सलग वाहिला नाही. मध्ये मध्ये हजारो वर्षांची विश्रांती होती. त्या काळात थंड झालेल्या दगडावर डबकी, तळी साचली, गवत-झाडं आली, बेडूक ओरडले. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळ्याचा चिखल दोन थरांमध्ये चेपला गेला. मुंबईच्या वरळी टेकडीत असा चिखलाचा थर मिळाला आणि त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे होते. शिंपल्यासारखं दुहेरी कवच असलेले सूक्ष्म जलचर होते, गोड्या पाण्यातलं कासव होतं.

मुंबईचे हे थर ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत आणि लाव्ह्याच्या मुख्य लोंढ्यानंतरचे, डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले जातात. बाकी जग सावरत असताना वरळीच्या तळ्यात हे बेडूक होते. मला हे डायनोसॉरपेक्षा कमी वाटत नाही, आणि मुलांनाही सांगून पाहिलं की वाटत नाही.

यात रेल्वे कुठून आली?

वरळीचा बेडूक जगापुढे आला तो एका रेल्वे इंजिनियरच्या लेखाबरोबर.

जॉर्ज थॉमस क्लार्क १८४३ च्या सुमारास इंग्लंडहून मुंबईत आला. मुंबईहून ठाण्याकडे आणि पुढे घाटाकडे रूळ नेता येतील का, या सुरुवातीच्या खटपटीत, म्हणजे पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) झालेल्या रेल्वेच्या उभारणीत, त्याचा मोठा वाटा होता. रूळ टाकायचे तर आधी जमीन वाचावी लागते. कुठे काळा दगड आहे, कुठे भुसभुशीत, कुठे दलदल, पूल कशावर उभा राहील, हे सगळं पाहावं लागतं. अशा माणसाला दगड बघायची सवय लागते. क्लार्कने मुंबई परिसराच्या भूरचनेवर एक लेख लिहिला आणि तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८४७ साली छापून आला. त्याच लेखाला जोडून रिचर्ड ओवेन यांनी वरळीच्या बेडकाचं वर्णन केलं आणि त्याला ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. पुसिला म्हणजे चिमुकला.

हेच ते ओवेन, ज्यांनी १८४२ साली ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला. म्हणजे डायनोसॉरला नाव देणाऱ्या माणसाने पाचच वर्षांनी आपल्या वरळीच्या बेडकाला नाव दिलं, आणि ती सामग्री त्यांच्या टेबलावर पोचली ती रेल्वेसाठी इथे आलेल्या माणसाच्या हातून. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली १६ एप्रिल १८५३ ला. बेडूक तिच्या सहा वर्षं पुढे होता.

पुढे १९३० साली अमेरिकेतल्या नोबल या संशोधकाने हा बेडूक वेगळ्या प्रजातीगटातला असल्याचं दाखवून त्याचं नाव ‘इंडोबॅट्रॅकस’ केलं. आज पुस्तकांत तेच नाव भेटतं.

कासवाचं काय झालं?

त्याचं वर्णन १८५२ साली हेन्री जॉन कार्टर यांनी केलं आणि डॉ. लीथ यांच्यावरून त्याला ‘लीथाय’ हे नाव मिळालं. कार्टर हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे. ते मुंबईत सरकारी सर्जन होते आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस. रुग्ण पाहून उरलेल्या वेळात त्यांनी मुंबई बेटाची भूरचना तपासली, गोड्या पाण्यातले स्पंज पाहिले, सूक्ष्मदर्शकाखाली चुनखडीचे तुकडे ठेवले. फोर्टमधला टाऊन हॉल, ज्याच्या पायऱ्यांवर आज कॉलेजची मुलं बसलेली असतात, तिथे सोसायटीचं घर होतं आणि अजून आहे.

या सगळ्यात आपली माणसं कुठे होती? सगळी साहेबांचीच नावं का?

छापील लेखांवर नावं साहेबांची आहेत, कारण छापखाना, सोसायटी आणि लंडनची वाट त्यांच्या हातात होती. टेकडी फोडणारा, दगडातला वेगळा रंग आधी पाहणारा गडी कुठल्याच कागदावर आला नाही. हे मला फार लागतं, आणि प्रत्येक फेरीत मी ते सांगतो.

पण शहराच्या पातळीवर चित्र वेगळं आहे. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट मूळचे मुरबाडचे, म्हणजे उत्तर कोकणातले. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत ते पुढे होते आणि जी. आय. पी. रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी एक झाले. मुंबईला संग्रहालय हवं म्हणूनही तेच झटले, आणि त्यांच्या जोडीला होते मांद्रे गावचे, गोव्यातल्या पेडणे महालातले डॉ. भाऊ दाजी लाड. त्या संग्रहालयाच्या आरंभीच्या लांबलचक नावात निसर्गेतिहासाबरोबर भूशास्त्रही होतं. भायखळ्याची आजची इमारत १८७२ साली लोकांसाठी उघडली आणि १९७५ पासून ती भाऊ दाजींच्या नावाने ओळखली जाते. आगगाडी आणि दगडांचं कपाट ही दोन्ही त्या पिढीला एकाच नव्या विद्येची अंगं वाटत होती. आज आपण रेल्वे ठेवली आणि दगड विसरलो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतीत जीवाश्म आहेत हे खरं का?

खरं आहे, आणि ते पाहायला तिकीट लागत नाही.

बोरीबंदरचं पहिलं स्टेशन साधंच होतं. आजची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, १८७८ ते १८८८ या काळात बांधलेली. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यात वेगवेगळे दगड आहेत. पिवळसर चिरेबंदी भाग मुंबईच्या आसपासच्या, मालाड-कुर्ल्याकडच्या दगडाचा. तो ज्वालामुखीचाच, त्यात जीवाश्म शोधू नका. पण बारीक कोरीव काम, आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह-वाघ, हे पोरबंदरच्या दगडाचे आहेत. पोरबंदरचा दगड मऊ, छिन्नीला वश होणारा, म्हणून त्या काळी शिल्पकारांचा आवडता. पाना-फुलांचं, पशुपक्ष्यांचं पुष्कळसं काम मुंबईच्या कलाशाळेतल्या मुलांनी केलं.

हा दगड म्हणजे समुद्रकाठची वाळू. त्या वाळूतले पुष्कळ कण म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची चुन्याची कवचं आणि त्यांचे तुकडे. वाऱ्याने ती वाळू किनाऱ्यावर रचली, पावसाच्या पाण्याने चुना विरघळून पुन्हा धरला आणि दगड झाला. वय फार नाही, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचं, फार तर काही लाख वर्षं. या दगडाला शास्त्रात ‘मिलिओलाइट’ म्हणतात. ते नाव १८४९ साली दिलं त्याच कार्टर यांनी, वरळीच्या कासवाच्या कार्टर यांनी. मिलिओला म्हणजे बाजरी-वरीच्या दाण्याएवढी कवचं.

म्हणून मी म्हणतो की सीएसएमटीच्या फाटकातला वाघ वरीच्या दाण्यांनी बनला आहे. लोकल पकडायला धावणाऱ्या लाखो माणसांच्या डोक्यावर कोट्यवधी सागरी कवचं बसलेली आहेत, हे एकदा कळलं की ते स्टेशन पूर्वीसारखं दिसत नाही.

चर्चगेटसमोरची रेल्वेची जुनी इमारतही तशीच आहे का?

तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९९ ची. पण तिचं अंग काळ्या दगडाचं आहे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचं. रुळांखालची खडीही तीच.

मुंबईच्या गोदीत जंगल सापडलं होतं असं आजोबा सांगायचे. दंतकथा का?

आजोबा बरोबर होते. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना समुद्राच्या चिखलाखाली बुडालेलं जंगल लागलं. तीनशेहून अधिक झाडं, त्यांतली बरीच मुळांसकट उभी. लाकूड खैराचं होतं, म्हणजे आजही कोकणात ज्याचा कात निघतो तोच खैर. याला काटेकोर अर्थाने जीवाश्म म्हणता येणार नाही, लाकूड अजून लाकूडच होतं. पण कधीकाळी तिथे जमीन होती आणि ती खचली किंवा समुद्र वर आला, हे त्या बुंध्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं.

कोळशाच्या इंजिनाचा जीवाश्मांशी संबंध कसा?

कोळसा हाच जीवाश्म. भारतातला बहुतेक दगडी कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा आहे. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं मुख्य. रेल्वेला आणि आगबोटींना कोळसा हवा, तो कुठे आहे हे शोधायला हवं, या गरजेतून १८५१ साली थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं. खाणीत कोळशाबरोबर पानांचे ठसे निघत गेले, आणि त्या ठशांवरून दक्षिणेकडचे खंड एकेकाळी जोडलेले होते हा विचार पुढे उभा राहिला. त्या खडकांचं ‘गोंडवन’ हे नाव आपल्याच गोंड मुलखावरून पडलं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनं रेल्वे स्टेशन का नाही?

कारण तिथे रेल्वेच नव्हती. उत्तर कोकणात ठाणे १८५३ चं, कल्याण १८५४ चं. बोरघाटाची चढण १८६३ साली पार झाली, तीही मधल्या एका ठिकाणी गाडी उलटी फिरवून. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ ची. खाली गोव्यात मुरगाव बंदरातून कॅसलरॉककडे जाणारी लाईन १८८८ मध्ये झाली. मधला सारा पट्टा मात्र बोटींवर जगला. आमच्याकडे स्टेशनचं काम बंदरांनी केलं. मुंबईला जायचं म्हणजे बंदरावर जायचं, पडावातून आगबोटीवर चढायचं. निरोप, रडणं, ‘पोचल्यावर पत्र टाक’ हे सगळं धक्क्यावर व्हायचं.

रोह्यापर्यंत रूळ आले १९८६ साली. पुढच्या मार्गासाठी नाथ पै, मधू दंडवते यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख, आणि १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल, हे त्यातलेच. म्हणजे आमची स्थानकं तिशीच्या आसपासची, पण ज्या दगडातून ती वाट काढून आली तो मात्र साडेसहा कोटी वर्षांचा.

जांभ्यात जीवाश्म मिळतो का?

चिऱ्यात शक्यतो नाही. जांभा म्हणजे काळ्या दगडाची ऊन-पावसाने झालेली राख म्हणा ना. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, बाकी वाहून गेलं. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याच्या खाली काळपट चिकणमाती लागते, तिच्यात लाकडासारखा कच्चा कोळसा, पानांचे अवशेष आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणारे परागकण असतात. कोटीभर वर्षांहून जुन्या कोकणातलं हिरवं रान त्या मातीत आहे. विहीर खणणाऱ्यांना ती परिचयाची, ‘काळी माती लागली’ म्हणतात आणि पुढे खणतात.

जांभ्याखालची मऊ माती हीच कोकण रेल्वेची मोठी डोकेदुखी होती. गोव्यातला पेडण्याचा बोगदा याच मातीमुळे पुन्हा पुन्हा ढासळला आणि तिथे माणसं दगावली.

कातळशिल्पं म्हणजे जीवाश्म का?

नाही. ती सड्यावरच्या कातळात माणसाने कोरलेली चित्रं आहेत. तरीही हा प्रश्न मला आवडतो, कारण गावोगावी दोन्हींचं उत्तर एकच दिलं जायचं: पांडवांनी एका रात्रीत केलं. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी ही ठिकाणं २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षीला तर कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे.

काही चित्रांत गेंडा आणि पाणघोडा ओळखले गेले आहेत. आज कोकणात दोन्ही नाहीत. पण घाटापलीकडे, बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ, रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली गेंड्याच्या अश्मीभूत हाडांचं वर्णन केलं होतं, आणि पाणघोड्याचे जीवाश्म गोदावरीच्या गाळात मिळाले आहेत. सड्यावरचं चित्र आणि नदीतलं हाड शेजारी ठेवून पाहिलं की अंगावर काटा येतो.

आमच्या देवघरातला शाळिग्राम जीवाश्म आहे का?

बहुधा हो. काळा, गोल, एका बाजूला छिद्र आणि आत चक्र असेल, तर ते चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या, माखली या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्याच्या दूरच्या नातलगाचं कवच. नेपाळात काळी गंडकीच्या पात्रात असे गोटे मिळतात. हिमालय उचलला जायच्या आधी तिथे समुद्र होता. कवचं सुमारे पंधरा कोटी वर्षांची आहेत.

आमच्या आजीच्या पंचायतनात असा एक होता. पणजोबांनी काशीहून आणलेला, असं ती सांगायची, आणि तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. मला नंतर एक गोष्ट उमगली. मुंबई आणि कलकत्त्याकडच्या रेल्वे जबलपूरला जोडल्या गेल्या १८७० साली. त्यानंतर कोकणातल्या साध्या घरांनाही काशीयात्रा आवाक्यात आली. यात्रेकरू गंगेचे गडू आणि शाळिग्राम डब्यात घेऊन परतले, घरी मावंदं घातलं. ज्या जबलपूरला त्यांची गाडी थांबत असे, तिथल्याच टेकडीत १८२८ साली स्लीमन यांना भारतातली पहिली डायनोसॉरची हाडं मिळाली होती. लाव्ह्याच्या देशात जीवाश्म रेल्वेने आले, आणि लोकांनी त्यांना आधी देव केलं होतं.

शास्त्र कळल्यावर पूजा सोडायची का, असंही विचारतात. आजीने शाळिग्रामाला रोज तुळस वाहिली म्हणून तो शंभर वर्षं फुटला नाही, हरवला नाही. एवढी निगा संग्रहालयातल्या कपाटांनाही मिळत नाही.

किनाऱ्यावर सापडणारा पांढरा, हलका समुद्रफेस जीवाश्म आहे का?

नाही. ते माखलीच्या पाठीतलं कवच, आजकालचंच.

काही वेगळं सापडलं तर काय करावं?

उचलू नका. जागेवर असतानाच फोटो काढा, बाजूला मापासाठी पेन किंवा नाणं ठेवा, कुठल्या थरात आहे ते दिसू द्या. थरातून सुटलेला तुकडा निम्मी गोष्ट गमावतो. मग भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे विचारा. विहिरीत काळी माती लागली तरी हेच करा.

बोगद्याजवळच्या कटिंगमध्ये जाऊन थर पाहता येतील का?

रुळांवर जाऊ नका. तो गुन्हा आहे आणि पावसाळ्यात दरडीही येतात. खिडकीतून पुष्कळ दिसतं: चिपळूणच्या पुढे एका बाजूला बसा, काळा दगड, त्यावर तांबूस पट्टा, वर जांभा असा क्रम पाहत राहा.

एका दिवसात मुंबईत काय पाहावं?

सकाळी अंधेरी स्टेशनवर उतरून गिल्बर्ट हिल. सुमारे ६० मीटर उंचीचे लाव्ह्याचे उभे खांब, आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेले. मग भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथून लोकलने सीएसएमटी, थोडं चालून टाऊन हॉलच्या पायऱ्या. दुपार कलली की परत स्टेशनच्या फाटकापाशी या. तिरक्या उन्हात दगडाचा पोत उठून दिसतो. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा, दगडाला हात लावू नका, आणि कोरीव कामाची एखादी झिजलेली कड निवडून तिच्यातले गोल कण मोजायला लागा.